आमची वाटचाल: आधी पंप बंद करा

आमचा धंदा सुरू झाला फिश टँक बांधण्यापासून, टिकला मात्र दुरुस्तीवर. धाकटा भाऊ काच कापायचा, सिलिकॉन भरायचा. पाइप आणि पंप माझ्याकडे. सुरुवातीला टांगते फिल्टर, कॅनिस्टर (बंद डब्यातला फिल्टर) एवढंच लावायचो. मग एका ग्राहकाला टाकीखाली संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी छोटी टाकी, हवा होता. तोपर्यंत एकही संप लावलेला नसताना मी बेधडक हो म्हणालो.

टाकी 4 फूट लांब, दीड फूट रुंद. तिचं पाणी ओव्हरफ्लोवरून (जादा पाणी सांडायच्या काठावरून) खालच्या संपमध्ये उतरायचं, स्पंज आणि सिरॅमिक रिंगांमधून फिरून शेवटच्या कप्प्यात यायचं आणि तिथला पंप ते परत वर चढवायचा. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीजवळ एक बारीक भोक होतं. ते जरासं पाण्यावर राहिलं होतं, त्यामुळे पिचकारी उडून झाकणावर टपटप आवाज यायचा. ग्राहकाने तक्रार केली, मी सिलिकॉनने भोक बुजवलं. आवाज थांबला. आम्ही खूश, ग्राहकही खूश.

त्याच आठवड्यात रात्री वीज गेली. पंप थांबल्यावर परतीच्या पाइपातून पाणी उलटं उतरायला लागलं. ते भोक असतं तर पाणी थोडं खाली जाताच पाइपात हवा शिरली असती आणि सायफन, म्हणजे पाइपातून पाणी आपोआप खाली ओढलं जाणं, तुटला असता. पाइपाचं तोंड 4 इंच पाण्याखाली होतं. त्या टाकीत 1 इंच पाणी म्हणजे साधारण 14 लिटर. 56 लिटर खाली आलं, संपमध्ये जागा जेमतेम 25 लिटरची. उरलेलं जवळपास 30 लिटर लाकडी फरशीवर. पाइपात चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) होता, पण त्याच्या झडपेत गोगलगायीचं पिल्लू अडकलेलं. तेव्हापासून चेक व्हॉल्व्हवर माझा भरवसा नाही. लावायचा असेल तर लावा, पण तो नाहीच असं धरून हिशेब करा.

फरशीचे पैसे आम्ही भरले. त्या महिन्यात हातात काहीच उरलं नाही. पण टाकी सोपवण्याआधी ग्राहकासमोर पंप बंद करायचा आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा नियम तिथून आला.

पुढे दुरुस्तीचे फोन येऊ लागले, तेही बहुतेक दुसऱ्यांनी लावलेल्या संपसाठी. सगळ्यात जास्त तक्रार गुडगुड आवाजाची. लोक पंपाला दोष देतात, आवाज असतो खाली उतरणाऱ्या पाइपाचा: पाणी आणि हवा एकत्र खाली येतात तेव्हा तो घोरतो. जिथे दोन पाइपांची सोय होती तिथे आम्ही हर्बी पद्धत वापरायला लागलो. एका पाइपाला गेट व्हॉल्व्ह लावून तो पूर्ण पाण्याने भरलेला ठेवायचा, दुसरा किंचित उंचावर, अडीअडचणीसाठी कोरडा. इथे बॉल व्हॉल्व्ह नको, त्याने केसाएवढा फरक करता येत नाही. संपमधलं पाइपाचं टोक इंचभरच बुडवायचं. फार खोल गेलं तर आतली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन नीट धरत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या, आणि त्यातली एक रात्री अकराची.

दुसरा नेहमीचा फोन, ‘टाकी गळतेय आणि पाणी सोड्यासारखं फसफसतंय.’ गळत काही नसतं. वरची पातळी ओव्हरफ्लो ठरवतो, मधल्या कप्प्यांची मधल्या काचा ठरवतात. बाष्पीभवनाने उडालेलं सगळं पाणी शेवटच्या पंपाच्या कप्प्यातच कमी होताना दिसतं. तिथली पातळी फार उतरली की पंप हवा ओढतो आणि बारीक बुडबुडे वर जातात. पाणी घाला, संपलं. पण किती घालायचं, ही खरी मेख. एका ग्राहकाने ‘रोजची कटकट नको’ म्हणून चालू पंपावर तो कप्पा काठोकाठ भरला. पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. आता आम्ही त्या काचेवर दोन पट्ट्या चिकटवतो, दोन्ही पट्ट्या पंप चालू असतानाच्या पातळीच्या. खालच्या पट्टीखाली पाणी जाऊ द्यायचं नाही, वरच्या पट्टीच्या वर घालायचं नाही.

मोठा पंप म्हणजे चांगला पंप, हा आमचाही समज होता. खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो; उंची वाढली की तो झपाट्याने घटतो. म्हणून आम्ही मोठे पंप घ्यायला लागलो, तर एका ठिकाणी खाली उतरणारा पाइपच पुरेना आणि वरची टाकी काठाला आली. आधी उतरणारा पाइप किती पाणी नेतो ते बघायचं, मग पंप.

एक चूक सांगायला अजूनही जड जातं. आमच्याकडच्या नव्या मुलाने एका संपमधल्या सगळ्या सिरॅमिक रिंगा नळाखाली चकाचक धुतल्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने रिंगांवरचे, माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे जिवाणू मेले, अमोनिया चढला, सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकत होते. चूक त्याची नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. आता स्पंज वारंवार धुतो, रिंगांना क्वचितच हात लावतो, तोही टाकीच्याच पाण्यात आणि एका वेळी निम्म्याच.

त्या पहिल्या ग्राहकाने मला हाकलून दिलं नाही, याचं आजही नवल वाटतं. त्याची टाकी आजही आमच्याकडेच आहे. कॅबिनेटसमोरची एक फळी फुगलेली आहे, दार तिला घासतं. गेलो की दार थोडं उचलून उघडतो, पंप बंद करतो आणि पाइपात हवा शिरल्याचा सुर्र आवाज येईपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहतो.