बियांपासून जंगली स्ट्रॉबेरी, पुण्यात, गच्चीवर (माझा अनुभव)

आधीच सांगतो, महाबळेश्वरला मिळते ती स्ट्रॉबेरी नाही ही. ती संकरित, मोठी, तिची बी लावली तर आईसारखं रोप येईलच असं नाही, म्हणून तिची रोपं धावत्या फांद्यांपासून (रनर, जमिनीवर पसरत जागोजागी मुळं धरतात त्या) करतात. मी म्हणतोय ती जंगली, फ्रॅगारिया वेस्का, फळ करवंदापेक्षाही लहान पण वास असा की एक फळ वाटीत ठेवलं तरी खोलीत कळतं. हिमाचलला ट्रेकला गेलो होतो तेव्हा देवदाराच्या कडेला ओणवं होऊन खाल्ली होती आणि तेव्हापासून डोक्यात किडा.

पहिलं पाकीट ऑनलाइन मागवलं, त्याच विक्रेत्याकडे निळ्या स्ट्रॉबेरीचं बी पण होतं, तिथेच मला कळायला हवं होतं. निळी स्ट्रॉबेरी जगात नाहीये हो. माझ्या पाकिटातून माठासारखं काहीतरी उगवलं, आईने एकदा भाजी करून बघू का विचारलं, मी नको म्हणालो. शिवाय पेरलं होतं जूनमध्ये, म्हणजे खरं बी असतं तरी त्या दमटपणात बुरशीने खाल्लंच असतं.

दुसऱ्या वेळी ओळखीच्या बागवाल्याकडून अल्पाइन जातीचं (ह्याच जंगली स्ट्रॉबेरीचा एक प्रकार) बी आणलं. ह्या जातीला शक्यतो धावत्या फांद्या येत नाहीत आणि बहर एकदाच येऊन संपत नाही, कुंडीसाठी बरी. बी म्हणजे अक्षरशः खसखस, बोटाला चिकटून निम्मं हरवतं. तर ह्या बियांना आधी थंडी लागते. डोंगरातली झाडं ती, हिवाळा गेला असं वाटल्याशिवाय नीट उगवत नाहीत. मग काय, ओल्या टिश्यूत घडी करून, झिपच्या पिशवीत, फ्रीजमध्ये ३ आठवडे. पितृपक्षात ठेवलं आणि चौथ्या दिवशी पिशवी गायब! आईने फ्रीज आवरला होता. "अरे, ओला कागद होता नुसता, वास येईल म्हणून टाकला." कचऱ्याची गाडी सकाळीच गेलेली. नशीब अर्धं बी पाकिटात ठेवलं होतं, ते परत भिजवलं आणि ह्यावेळी श्रीखंडाच्या डब्यात ठेवून वर मोठ्या अक्षरात लिहिलं, तरी दोनदा कोणीतरी श्रीखंड म्हणून उघडून बघितलंच.

पेरलं दसरा झाल्यावर. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात, मी पण आधी चुकलोच होतो, आपल्याला सवय मेथी-कोथिंबिरीची, बी टाकलं की वर माती. ह्या बियांना उगवायला उजेड लागतो, माती घालायचीच नाही. मी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, तीनदा धुवून घेतलं (त्यात खार असतो), त्यात थोडं चाळलेलं गांडूळखत, सपाट करून वर बी नुसतं भुरभुरलं आणि बोटाने हलकं दाबलं. पारदर्शक झाकणाचा मिठाईचा डबा, बुडाला भोकं, आणि पाणी खालून. परातीत दोन बोटं पाणी घेऊन डबा त्यात ठेवायचा, वरचा थर ओला दिसला की उचलायचा. वरून झारीने घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा.

मग वाट बघणं. आठ दिवस काही नाही, पंधरा दिवस काही नाही, बायको रोज चहा घेऊन येऊन "काय म्हणतंय शेत?" विचारायची. १९व्या दिवशी, दिवाळीच्या सुमारास, भिंग घेऊन बघितलं तर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे ठिपके. ४० एक बियांतले १४ आले, शेवटचा तर महिन्याने. झाकण रोज थोडा वेळ उघडत होतो तरी दोन रोपं बुडाशी काळी पडून आडवी झालीच, मग झाकण कायमचं काढलं.

डिसेंबरमध्ये तीन-चार खरी पानं आल्यावर हलवली. रोपाचा मधला कोंब, जिथून पानं फुटतात, तो मातीत गाडला की कुजतो आणि फार वर राहिला की सुकतो, बरोबर मातीच्या पातळीला हवा. तीन रोपं ह्यात गेली, माझाच अंगठा जड. माती मी लाल पोयटा, शेणखत आणि कोकोपीट वापरली. आपली काळी माती ह्यांना जड पडते, पाणी धरून बसते.

पुण्याची थंडी ह्यांना मानवली, जानेवारीत पानं अशी टवटवीत की मला वाटलं जिंकलो. मार्चमध्ये पांढरी फुलं आली, एवढीशी, पाच पाकळ्या. (जाता जाता, फूल पिवळं आलं तर समजा तुमची फसवणूक झाली, ती दिसायला सारखीच पण चव पाण्यासारखी अशी दुसरी वनस्पती असते.) आणि फळ धरायच्या वेळेला आला एप्रिल. गच्चीवर दुपारी चप्पल घालून उभं राहवत नव्हतं. मी म्हणेन की बी उगवणं हा सोपा भाग, कठीण आहे तो इथला उन्हाळा, आणि ह्याबद्दल कोणी बोलत नाही कारण सगळ्यांचे फोटो फेब्रुवारीतले. कुंड्या खाली पूर्वेच्या बाल्कनीत आणल्या, दहानंतर ऊन नाही, वर हिरवी नेट, मातीवर उसाचं पाचट, कुंड्या एकमेकींना चिकटवून. नऊतली सहा वाचली.

पहिलं लाल फळ बुलबुलाने खाल्लं. दुसऱ्याला लग्नात बदाम-खडीसाखर देतात ती जाळीची पोटली बांधली. पिकलेलं फळ हात लावला की सुटून येतं, ओढावं लागलं तर थांबायचं. ते एक फळ सुरीने चार भाग करून चौघांनी खाल्लं. मुलगी म्हणाली च्युइंगगमसारखा वास येतो. आईने तोंडात धरून ठेवलं बराच वेळ, मग म्हणाली, "छान आहे, पण ह्याचं करायचं काय?"

मेअखेरपर्यंत एकूण ११ फळं झाली, शेवटची तुरीच्या दाण्याएवढी. आता पावसाळा सुरू झालाय आणि गोगलगायी कुंडीच्या कडेने वर चढतायत, रात्री अकराला टॉर्च आणि चिमटा घेऊन बाल्कनीत बसतो. काल सात सापडल्या.