आमची वाटचाल : आगीतून आलेले ट्रॅक्टर

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात कुंडलच्या रस्त्याला आमचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. क्लच, अवजारे उचलणारी लिफ्ट, इंजिन, गिअर बॉक्स अशी सगळीच कामे आम्ही करतो. परंतु विटा, तासगाव, कराड या बाजूंनी चौकशी करत लोक येतात ते मुख्यतः एका कामासाठी, ते म्हणजे आगीत सापडलेला जुना ट्रॅक्टर पुन्हा चालता करण्यासाठी. हे काम आम्ही ठरवून धरलेले नाही. एका हंगामात ते दारात आले, पहिल्याच कामात आमच्याकडून एक मोठी चूक झाली, आणि ती चूक निस्तरताना जे शिकायला मिळाले त्यावर पुढचा सारा व्यवसाय उभा राहिला.

माझे वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात मिळालेल्या माळावर तो कारखाना वसवला. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्यामुळे आसपासच्या गावांत फिटर, टर्नर आणि मोल्डर यांची घरेच्या घरे तयार झाली, त्यांतलेच आमचे एक. निवृत्तीनंतर वडिलांनी रस्त्याकडेला पत्र्याचे शेड घातले, एक चेनपुली, एक व्हाइस आणि स्वतःचे पाने एवढ्या भांडवलावर काम सुरू केले, आणि आयटीआय होऊन मी त्यांच्या हाताखाली लागलो. सुरुवातीची कामे साधी होती. २००५ च्या महापुरानंतर मात्र भिलवडी, आमणापूर या नदीकाठच्या गावांतून पाण्यात बुडालेले ट्रॅक्टर एकामागून एक येऊ लागले आणि उघडून, धुऊन, तेल बदलून यंत्र जिवंत करण्याचा हात आम्हाला बसला. पुराचे पाणी गाळ मागे ठेवते आणि गंज चढवते, पण लोखंडाचा गुण बदलत नाही. आग तो बदलते. हा फरक आम्हाला त्या वेळी नीट उमगलेला नव्हता.

पहिला जळालेला ट्रॅक्टर आला तो गळीत हंगाम भरात असताना, डिसेंबरातल्या एका सकाळी. कडेगावकडचे एक वयस्क शेतकरी आपला मॅसी फर्ग्युसन १०३५ दुसऱ्या ट्रॅक्टरला टोचन करून घेऊन आले होते. तीन सिलिंडरच्या सिम्पसन इंजिनाचा तो ट्रॅक्टर आमच्या भागात घरोघरी असल्यामुळे त्याचा नट नि नट आमच्या ओळखीचा, तरीही त्या दिवशी तो पाहून आम्ही थबकलो. बॉनेटचा लाल रंग पूर्ण उडून पत्रा राखाडी-निळा पडला होता, पुढच्या एका टायरच्या फक्त तारा उरल्या होत्या, बॅटरीचा गोळा झाला होता आणि स्टीअरिंगचे प्लास्टिक गळून खालची उघडी लोखंडी कडी तेवढी राहिली होती. मागचा भाग मात्र जवळपास तसाच होता. उजव्या मडगार्डवर खंडेनवमीला ओढलेली हळदीकुंकवाची बोटे अजून स्पष्ट दिसत होती. ते गृहस्थ वडिलांना म्हणाले, "मिस्त्री, हे उभं राहतंय का न्हाई तेवढं खरं सांगा. भंगारवाला दोनदा येऊन गेलाय."

मी पाना उचलला, तेव्हा वडिलांनी मला थांबवले. "आधी आग कुठनं उठली ते बघ, मग नटाला हात लाव," असे ते म्हणाले, आणि आजही आमच्याकडे जळालेल्या ट्रॅक्टरचे काम याच पायरीपासून सुरू होते. कारण सापडले नाही तर नव्या सामानानिशी तोच ट्रॅक्टर पुन्हा पेटू शकतो.

आग वाचता येते, हे त्या दिवशी वडिलांनी मला दाखवले. कोणता धातू कुठे वितळला आहे हे पाहिले की यंत्राच्या कोणत्या भागाने किती उष्णता सोसली याचा अंदाज येतो. रेडिएटरच्या डागकामातील कथील-शिशाचे मिश्रण दोनशे अंशांच्या आतच मऊ पडू लागते, निव्वळ शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास आणि तांबे १०८५ अंशांना. डायनॅमोचे ॲल्युमिनियमचे कव्हर ओघळले असेल, तर त्या जागेने त्याच सुमाराचा ताप सोसला, आणि त्याच्या शेजारच्या प्रत्येक भागाकडे संशयाने पाहिले पाहिजे. याउलट एखाद्या ठिकाणी रंग नुसता फुगून थांबला असेल, तर तेथील आतले यंत्र बहुधा सुखरूप असते.

वायरींचेही तसेच आहे. बाहेरच्या आगीत भाजलेल्या वायरीचे वेष्टण जाते, तांबे काळे आणि ठिसूळ होते. पण जेथे शॉर्ट होऊन ठिणगी उडालेली असते तेथे तांब्याच्या टोकाला मोहरीएवढा चकचकीत गोल मणी तयार होतो. तो मणी आम्हाला डॅशच्या पत्र्यातील एका भोकाच्या कडेला सापडला. ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर जादा दिवे आणि साउंड बसवण्याची आपल्याकडे किती हौस आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्या साउंडची वायर बॅटरीवरून थेट ओढली होती, मध्ये फ्यूज नव्हता आणि पत्र्याच्या भोकात रबरी बुश नव्हता, त्यामुळे कित्येक महिन्यांच्या हादऱ्यांनी पत्र्याच्या धारेवर वेष्टण कापले गेले होते. खाली नोजलची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीची, ओव्हरफ्लो पाइप थेंब-थेंब गळत होती आणि इंजिनच्या कोपऱ्यात उसाच्या पाचटाचा चुरा दाबून बसला होता. ठिणगी, डिझेल आणि पाचट अशी तिन्ही एकत्र आल्यावर दुसरे काय होणार! साउंड बसवणारा त्यांचा मुलगा बाजूला मान खाली घालून उभा होता. वडील त्याला काहीच बोलले नाहीत. तो मणी मात्र त्याच्या तळहातावर ठेवला.

त्यानंतर काम सुरू झाले. जळालेले इंजिन सेल्फ मारून फिरवायचे नाही, हा पहिला नियम. इनटेक, सायलेन्सर आणि डिझेलच्या सगळ्या वाटा फडके कोंबून बंद केल्यावरच काजळी आणि माती झाडायची, नाहीतर हवेच्या नळीने झाडलेली धूळ थेट सिलिंडरात जाते. अग्निशामक सिलिंडरची पावडर मारलेली असेल तर ती आधी ब्रशने कोरडीच काढावी लागते, कारण नेहमीच्या एबीसी प्रकारच्या पावडरीला ओल लागली की ती धातू खाऊ लागते. इंजिन, गिअर बॉक्स आणि लिफ्टचे तेल काढून त्याचा वास आणि रंग पाहायचा. या ट्रॅक्टरचे मागचे तेल स्वच्छ निघाले. मॅसीचा लिफ्टचा पंप मागच्या हाऊसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो, त्यामुळे पुढच्या आगीत तो बहुतेक वेळा वाचतो. त्या शेतकऱ्यांना पहिल्यांदा दिलासा देता आला तो हे तेल दाखवूनच.

पुढच्या भागातले रबर आम्ही सरसकट बदलले. ऑइल सील बाहेरून शाबूत दिसले तरी एकदा भाजल्यावर कडक होते आणि महिन्याभरात गळू लागते, म्हणून त्यात काटकसर करायची नाही. डिझेल पंप आणि नोजल सांगलीला पंपवाल्याकडे पाठवले. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मोजल्यावर तीन स्प्रिंगा आखूड भरल्या. लोहार ज्याला पाणी उतरणे म्हणतात, म्हणजे तापून पोलादाचा कडकपणा जाणे, तेच त्यांचे झाले होते. डिझेलची टाकी आतून धुऊन, गळ्यापर्यंत पाणी भरूनच तिला वेल्डिंग केले. रिकाम्या टाकीत वाफ शिल्लक राहते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने ती फुटते, म्हणून कितीही घाई असली तरी ही गोष्ट आमच्या शेडमध्ये कोणी टाळत नाही. सिलिंडर हेडवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या बिडाच्या झाकणावर, सरळपट्टी धरून फट मोजायच्या फिलर गेजने पाहिले तेव्हा थोडा वाक निघाला, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातून त्याचे फेसिंग करून, म्हणजे ते सपाट करून, आणले. अठराव्या दिवशी इंजिन पहिल्या हिसक्यात सुरू झाले. त्या गृहस्थांनी बॉनेटवर नारळ फोडला आणि आमच्या सगळ्यांच्या हातावर खोबरे ठेवले.

ट्रॅक्टर घरी गेला आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात परत आला. सकाळी मोबिल तपासायला त्यांनी पट्टी ओढली, तर तेल ताकासारखे पांढरे झालेले. इंजिनमध्ये पाणी उतरत होते.

हेड पुन्हा उतरवल्यावर दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमध्ये केसासारखी बारीक चीर सापडली. आग लागली तेव्हा शेजारच्या पाटातून बादल्या भरभरून तापलेल्या इंजिनावर पाणी ओतले गेले होते. बिडाचे लोखंड लाल तापलेले असताना गार पाणी पडले की ते एकदम आकसते आणि तडकते, हे आम्हाला माहीत नव्हते असे मुळीच नाही. पाणी ओतले होते हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. आम्ही ते ऐकले, मान डोलावली आणि हेडचा वाक काढून समाधान मानले. पाण्याच्या दाबाखाली हेड तपासून घेतले नाही. चूक सर्वस्वी आमची होती. दुसरे हेड आम्ही आमच्या पैशाने बसवले, मजुरी घेतली नाही, आणि त्या आठ दिवसांत त्यांचा ऊस वाहायला आमच्या मामांचा ट्रॅक्टर लावून दिला. त्या महिन्यात वर्कशॉपची कमाई शून्य झाली आणि वडिलांनी सामान-विक्रेत्याचे पैसे दोन हप्त्यांत दिले.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. जळालेल्या ट्रॅक्टरचे हेड दाबाखाली तपासल्याशिवाय आणि ब्लॉकची संशयित जागा लाल द्रव लावून चिरेसाठी पाहिल्याशिवाय इंजिन बांधायचे नाही. आग विझवताना काय टाकले, माती, पाणी की पावडर, हे गिऱ्हाइकाला बसवून विचारायचे आणि वहीत लिहायचे. आणि खर्चाचा आकडा एकदम सांगायचा नाही : तपासणीचा वेगळा, इंजिन उघडल्यावरचा वेगळा आणि बांधणीचा वेगळा, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर शेतकऱ्याला थांबता येते. ट्रॅक्टर मुळात नफ्याचा विषय राहिलेला नसतो. बऱ्याचदा तो बापाने घेतलेला असतो, त्याच्यावर घर चाललेले असते, आणि अशा माणसाला पहिल्याच दिवशी पोकळ आशा दाखवणे मला आजही गुन्हा वाटतो.

म्हणूनच नाही म्हणणेही या कामाचा भाग झाला. मळणीच्या दिवसांत कडब्याच्या गंजीशेजारी उभा असलेला एक महिंद्रा बी-२७५ आमच्याकडे आला होता. त्याला आग चारी बाजूंनी लागली होती, पुढचा आणि मागचा दोन्ही एक्सल तापून निळे पडले होते आणि गिअर बॉक्सचे तेल करपून डांबरासारखे झाले होते. बेअरिंग आणि गिअर यांचा कडकपणा एकदा गेला की ते दिसायला ठीक असतात, ओझे आले की तुटतात. दोन ट्रॉल्या उसाच्या घेऊन घाट उतरताना ते तुटले तर जिवावर बेतते. आम्ही तपासणीचेही पैसे न घेता सांगितले की हा बांधू नये. मालकांना राग आला, ते दुसरीकडे गेले. चाके, लिफ्टचे हात आणि ट्रॉलीचा हुक एवढे वेगळे काढून विकावे, हा सल्ला त्यांनी शेवटी ऐकला, असे पुढे कळले.

विम्याबद्दल एक गोष्ट येथे लिहिणे मला आवश्यक वाटते. जुन्या ट्रॅक्टरचा बहुतेकांकडे फक्त थर्ड पार्टी विमा असतो आणि त्यातून स्वतःच्या ट्रॅक्टरच्या आगीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी आगीचा समावेश असलेली पॉलिसी लागते. ज्यांच्याकडे ती आहे त्यांना आम्ही प्रथम विमा कंपनीला कळवायला, फोटो काढायला, पंचनामा करून घ्यायला सांगतो आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत ट्रॅक्टरचा एकही नट सोडत नाही. इंजिन आणि चॅसिसचा नंबर वाचता येतो का, हेही त्याच वेळी पाहून ठेवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी पुन्हा चढले, तेव्हा नदीकाठचे एवढे ट्रॅक्टर आले की आगीची कामे काही महिने बाजूला ठेवावी लागली. त्याच काळात माझ्या पत्नीने वायरिंगचे काम हाती घेतले. शेडच्या भिंतीला एक मोठा प्लायवूड लावला आहे, त्यावर मॅसीचा, महिंद्राचा आणि स्वराजचा असे तीन आराखडे खिळ्यांनी मारलेले आहेत. त्या खिळ्यांवरून ती रंगवार वायरी ओढते, बांधते आणि पूर्ण जुडगा एकदम उतरवते. प्रत्येक जुडग्यात फ्यूजचा डबा, पत्र्याच्या प्रत्येक भोकाला रबरी बुश आणि हाताजवळ बॅटरी तोडण्याचा स्विच असतोच. गिऱ्हाइकाने मागितले नाही तरी असतो. साउंड बसवायचा असेल तर त्याच्यासाठी वेगळा फ्यूज देऊन वायर सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेली जाते, कारण पोरे साउंड बसवणारच आहेत आणि तो नीट बसवून देणे हे आमचे काम आहे.

वडील आता शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. मागच्या आठवड्यात खटावकडून एक मॅसी आला आहे. आग डाव्या बाजूने लागली आहे, डायनॅमो वितळलेला आहे, पाणी मात्र कोणी ओतलेले नाही, माती टाकून विझवली आहे. हेड तपासणीसाठी उद्यमनगरला गेले आहे आणि ते परत येईपर्यंत ट्रॅक्टरची बॉनेट उघडीच आहे. वडिलांनी त्यातली जळकी वायर कापून काढून टेबलावर कागदावर पसरून ठेवली आहे आणि चष्मा लावून ते मणी शोधत आहेत.