ग्रेटफुल डेडच्या वाटेने : मेन्लो पार्क ते सांताक्रूझ

सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेकडे जाणारी लोकल मेन्लो पार्कला थांबते आणि स्थानकाबाहेर सांताक्रूझ ॲव्हेन्यू हा बाजाररस्ता लागतो. १९६५ च्या मे महिन्यात या रस्त्यावर मॅगूज नावाचे पिझ्झाघर होते आणि तिथेच ‘वॉरलॉक्स’ या नावाने पाच तरुणांनी आपला पहिला कार्यक्रम केला. वर्ष संपायच्या आत या रॉक बँडने ‘ग्रेटफुल डेड’ हे नाव घेतले. पिझ्झाघर केव्हाच गेले, तरीही मला प्रवासाला सुरुवात येथूनच करायची होती. ब्लूज, ब्लूग्रास, कंट्री, जाझ आणि पाश्चात्त्य प्रायोगिक संगीत एकाच बँडमध्ये कसे नांदले, हा प्रश्न त्यांच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकताना मला वर्षानुवर्षे पडत आला आहे.

पुढचेच स्थानक पालो आल्टो. येथील वाद्यांच्या एका दुकानात बँडचा मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया गिटार आणि बँजो शिकवीत असे. १९६३ च्या शेवटच्या रात्री सोळा वर्षांचा बॉब वीअर (पुढे बँडचा दुसरा गिटारवादक) त्याच्या बँजोचा आवाज ऐकून आत शिरला आणि त्या भेटीतून आधी लोकसंगीत वाजवणारा एक ‘जग-बँड’, म्हणजे मातीच्या सुरईत फुंकून आणि घरगुती वस्तूंवर वाजवणारा ताफा, उभा राहिला. बँडचा गायक व ऑर्गनवादक रॉन मॅककर्नन ऊर्फ पिगपेन याचे वडील रेडिओवर ऱ्हिदम अँड ब्लूज लावत, त्यामुळे ब्लूज त्याच्या कानांवर लहानपणापासून होता. फिल लेशने लुचिआनो बेरिओ या आधुनिक संगीतकाराकडे शिक्षण घेतले होते. बँडमध्ये येईपर्यंत त्याने बास गिटार वाजवलीच नव्हती. माझ्या मते हीच गोष्ट निर्णायक ठरली, कारण बासने केवळ पाया धरावा हा संकेत त्याच्या अंगवळणी पडलेला नव्हता आणि तो गार्सियाच्या सुरावटीला समांतर अशी दुसरी सुरावटच वाजवीत राहिला.

सॅन फ्रान्सिस्कोतील ७१० ॲशबरी हे चढावरचे व्हिक्टोरियन धाटणीचे घर आजही उभे आहे. १९६६ ते १९६८ या काळात बँडचा मुक्काम येथे होता. घर खासगी असल्याने मी समोरच्या पदपथावर बराच वेळ उभी राहिले. त्या काळाचे वर्णन बहुधा एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली द्रव्यापाशी येऊन संपते. तो भाग खराच आहे. कादंबरीकार केन कीझीच्या ‘ॲसिड टेस्ट’ या एलएसडी घेऊन भरवलेल्या मेळाव्यांत हा बँड वाजवीत असे. मला मात्र त्या मेळाव्यांची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. तेथे कार्यक्रमपत्रिका नव्हती आणि ठरावीक गाण्यांची फर्माईशही नव्हती. वाटले तर तासभर वाजवावे, न वाटले तर थांबावे. गाणे उलगडत नेण्याची सवय त्यांना या मोकळेपणातून लागली.

गोल्डन गेट पूल ओलांडून मी सॅन राफेलला गेले. बँडचे कार्यालय पुढे येथे होते आणि उस्ताद अली अकबर खाँ यांचे संगीत महाविद्यालयही याच गावात आहे. बँडचा दुसरा ड्रमवादक मिकी हार्ट १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखाँ यांना भेटला आणि लयीची मोजदाद करण्याची त्याची पद्धतच बदलली. १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’ या अल्बममध्ये अकरा मात्रांचे आवर्तन आहे आणि दोन ड्रमवादक, बास व गिटार ते ज्या सहजतेने पेलतात, ते ऐकताना समेची वाट पाहण्याची सवय असलेला आपला कान लगेच जागा होतो. पुढे झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी ‘दिगा ऱ्हिदम बँड’ उभा केला (अल्बम १९७६ चा), आणि त्यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताच्या गटातील पहिले ग्रॅमी मिळाले. येथे परकी वाद्ये शोभेसाठी आणलेली नाहीत. ताल आधी शिकला गेला.

१९७० मध्ये बँडने लागोपाठ दोन अल्बम लोकसंगीत आणि कंट्रीच्या वळणाचे काढले. १९७३ मध्ये पिगपेन सत्ताविसाव्या वर्षी गेला. १९७४ मध्ये सुमारे सहाशे स्पीकर्सची ‘वॉल ऑफ साउंड’ उभी राहिली. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर होते आणि ती भिंत वादकांच्या पाठीशी असल्याने श्रोत्यांना ऐकू येई तेच त्यांनाही ऐकू येई. हा डोलारा फार खर्चाचा होता आणि त्याच वर्षी बँडने मोठी विश्रांती घेतली. अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत त्यांचे एकच गाणे पोहोचले, तेही १९८७ मध्ये. ऑगस्ट १९९५ मध्ये गार्सियाचे निधन झाले, तोवर सुमारे २३०० मैफली झाल्या होत्या.

त्या मैफली टिकल्या श्रोत्यांमुळे. बँडने ध्वनिमुद्रणाला मनाई केली नाही, उलट १९८४ पासून त्यासाठी सभागृहात वेगळी जागा राखली, आणि कॅसेटी हातोहात फिरत राहिल्या. शेवटच्या दिवशी मी सांताक्रूझच्या विद्यापीठात गेले. रेडवूडच्या झाडीतील मॅकहेन्री ग्रंथालयात बँडचे दप्तर जपलेले आहे. त्यात तिकिटे टपालाने मागवणाऱ्या चाहत्यांची पाकिटेही आहेत. आपला अर्ज नजरेत भरावा म्हणून पाकिटावर कुणी गुलाब रंगवले, कुणी कवट्या काढल्या, आणि बँडच्या माणसांनी ती फेकून न देता ठेवून दिली.