दगडालाही पावसाळा लागतो

जीवाश्म सांभाळायचं काम म्हटलं की लोक विचारतात, "दगडाला काय सांभाळायचं?" पुण्यातला एक पावसाळा जुन्या कपाटापाशी काढला की कळतं.

माझ्याकडे आलं ते कच्छच्या अमोनाइटांचं कपाट. म्हाकुळाच्या नात्यातले, वेटोळ्या शंखाचे हे प्राणी. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी कच्छमध्ये समुद्र होता, तेव्हाचे. आपल्या पुण्याखाली सगळा बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला, त्यात समुद्राचं असं काही सापडायचं नाही. तरी अधूनमधून कुणीतरी नेच्याच्या पानासारखी नक्षी असलेला दगड मोठ्या आशेनं घेऊन येतं. ती बहुतेक वेळा मँगनीजची नक्षी निघते. सांगताना जिवावर येतं.

खालचा खण ओढला तर गंधकाचा आंबूस वास. काळ्या शेलमधल्या (चिखल घट्ट होऊन झालेल्या थरदार खडकातल्या) एका अमोनाइटाखाली पिवळट भुकटी पडलेली, पुठ्ठ्याचा ट्रे तिथे करपल्यासारखा तपकिरी. पायराइट कुजत होतं. पायराइट म्हणजे शंखात साठलेलं लोहाचं सल्फाइड; त्याला हवा आणि ओल मिळाली की लोहाचं सल्फेट आणि गंधकाम्ल तयार होतं. क्षार फुगून दगड आतून फोडतात, आम्ल शेजारचा कागद खातं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की हे झपाट्यानं होतं, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टभर ती त्याच्या बरीच वर असते.

मला धास्ती होती लेबलांची. तडकलेला नमुना जोडता येतो. लेबल गेलं की तो कुठल्या डोंगराच्या कुठल्या थरातला, हे कायमचं गेलं. म्हणून आधी फोटो काढले आणि लेबलं वेगळ्या पाकिटांत हलवली. एकाच अमोनाइटाला तीन लेबलं होती: एकावर वागेन या जीवाश्म-अभ्यासकानं १८७० च्या दशकात वापरलेलं नाव, दुसऱ्यावर नंतरचा अभ्यासक स्पाथ याच्या १९२७ ते १९३३ मधल्या फेरतपासणीतलं, तिसरं नुसतं पेन्सिलीनं लिहिलेलं, गावाचं आणि ओढ्याचं नाव. माझ्या लेखी तेच सगळ्यांत मोलाचं. तिन्ही ठेवली.

मग उपचार. पाणी अजिबात लावायचं नाही. कोरड्या, मऊ ब्रशनं भुकटी झाडली, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) बंद डब्यात अमोनियाची वाफ देऊन आम्ल मारलं, आणि तड्यांत ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन थेंबाथेंबानं सोडलं. पुढे कुणाला ते काढावंसं वाटलं तर ॲसिटोननंच निघतं, म्हणून तेच. पण त्यानं कुजणं थांबत नाही. थांबतं ते कोरड्या हवेनं.

त्यासाठी बोहरी आळीतून घट्ट झाकणाचे डबे आणले, आत सिलिका जेलच्या पुरचुंड्या ठेवल्या. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये तापवून परत वापरायचं. खोलीसाठी डीह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राचा, प्रस्ताव दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत दर सोमवारी डबे पाहणं चालू आहे.