सिलिका सादळली होती!

तीन आठवडे छळणारा कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करायची सिलिका भरलेली नळी) काल रात्री एकदाचा चालला. गुहागरच्या वाळूतून आषाढात उचललेल्या, समुद्रातल्या खनिज तेलाच्या डांबरी गोळ्यातले संपृक्त (एकेरी बंधांचे) आणि ॲरोमॅटिक (बेंझिनसारख्या कड्यांचे) हायड्रोकार्बन अखेर वेगवेगळे उतरले.

ॲस्फाल्टीनपर्यंत, म्हणजे हेप्टेनमध्ये न विरघळणाऱ्या भागापर्यंत, काहीच अडलं नव्हतं. १ ग्रॅम डांबर ४० मिलि हेप्टेनमध्ये रात्रभर ठेवलं, सकाळी गाळणकागदावर काळीकुट्ट भुकटी. (तिच्यात गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजनही असतो, तेव्हा निव्वळ हायड्रोकार्बनमध्ये ती धरू नका.) आणि हेप्टेनच वापरा. हेक्झेन स्वस्त पडतं, पण मज्जातंतूंचं नुकसान करतं. मी तर हेप्टेनचं कामही पडवीतच करतो.

अडलं ते पुढे. गाळून उरलेलं कॉलमवर चढवून हेप्टेन सोडलं की आधी संपृक्त उतरायला हवेत, म्हणजे साखळ्यांचे पॅराफिन आणि कड्यांचे नॅफ्थीन. ॲरोमॅटिकनी सिलिकाला धरून बसायचं आणि टोल्युइन ओतल्यावर सुटायचं. माझ्याकडे पहिल्याच कुपीवर ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारली की निळी चमक! असे चमकतात ते ॲरोमॅटिक, म्हणजे तेही संपृक्तांबरोबरच खाली येत होते. नमुना निम्मा केला, कॉलम लांबवला, दुसरीकडून सिलिका मागवली. (ती पिशवी तर शिवणीत उसवलेलीच आली. सिलिका घ्याल तर सीलबंद बाटलीतलीच घ्या.) चमक जाईना.

परवा कॅमेऱ्याचा डबा उघडला, तर ओल शोषणारे निळे मणी पार गुलाबी झालेले. तिथे डोक्यात प्रकाश पडला. तीही सिलिकाच! पावसाळ्यात आपल्याकडे मीठ सादळतं, पापड सादळतात, मग ही कशी कोरडी राहील? सिलिकाच्या पृष्ठभागावर पाण्याने आधीच जागा अडवली, की ॲरोमॅटिकना धरायला काही उरत नाही.

ओटीजीत १२० अंशांवर चार तास भाजली, घट्ट झाकणाच्या बरणीत निववली आणि हवा लागायच्या आत हेप्टेनमध्ये बुडवून कॉलम भरला. पहिल्या तीन कुप्या पाण्यासारख्या स्वच्छ, टॉर्चखाली अंधार. टोल्युइन ओतलं आणि पिवळसर थेंब निळेशार पेटले! पहिली कुपी पडवीत उघडी ठेवली होती. सकाळी काचेवर पांढरा, मेणचट पापुद्रा. नखाने खरवडला तर मेणबत्तीसारखा निघाला. एवढ्या काळ्या गोळ्यातून हे इतकं पांढरं निघालं, बराच वेळ नुसता बघत बसलो.

आता रेझिन (कॉलममध्ये अजून अडकलेला चिकट भाग) काढायचे होते, पण हा पापुद्रा बघून बेत बदलतोय. सिलिका पॅराफिन आणि नॅफ्थीन वेगळे करत नाही; युरिया करतो. मिथेनॉलमधल्या युरियाचे स्फटिक सरळ साखळीच्या पॅराफिनना पोटात घेतात, फांद्यांचे आणि कड्यांचे बहुतेक बाहेरच राहतात. मग पाणी घातलं की युरिया विरघळतो आणि मेण मोकळं होतं. घरात भातासाठी आणलेलं पोतं आहे, पण त्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो. त्यातली स्निग्धाम्लंही सरळ साखळीची, तीही आत शिरतील. म्हणून प्रयोगशाळेतल्या शुद्ध युरियाची पाव किलोची बाटली आजच मागवली. तोवर पापुद्र्याची कुपी बूच लावून फडताळात.