ताम्हिणीत बंद पडलेली गाडी आणि डिकीतला एक बोल्ट

श्रावणातल्या एका शनिवारी मी आणि बाबा पुण्याहून दिवेआगरला निघालो. गाडी बाबांची, 2004 सालची पेट्रोल, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनाची. मार्चमध्येच तिचा पेट्रोलचा पंप नवा टाकला होता. साडेचार हजार रुपये, मजुरी वेगळी. त्यामुळे मुळशीच्या पुढे चढाला गाडीने पहिला आचका दिला, तेव्हा पंपाचा विचार मनात आलाच नाही. पेट्रोलमध्ये पाणी असेल असं वाटलं.

ताम्हिणी गावाच्या अलीकडे ती बंदच पडली. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, पण इंजिन काही उचलत नव्हतं. पावसाळ्यातल्या शनिवारी या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते आणि धुक्यात पुढचं वळण दिसत नाही. म्हणून बॉनेट उघडण्याआधी पार्किंग लाइट लावले, त्रिकोण मागे तीस-चाळीस पावलांवर ठेवला आणि बाबांना डोंगराच्या बाजूला उतरवलं. मोबाइलला रेंज नव्हती. या रस्त्याला जाणाऱ्यांनी हे धरूनच निघावं आणि पेट्रोल पिरंगुटलाच भरून घ्यावं. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो, तेव्हा घाटात काटा पावच्या खाली जाऊ देऊ नका.

अशा वेळी पहिलं काम कानाचं. काच वर करा, चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाचा घूं असा आवाज आला पाहिजे. काहीच आवाज नाही आला तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) बघा. हॉर्नचा किंवा फॅनचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येते. चावीला आवाज येतो, पण सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही, अशा वेळी क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय का हे ओळखणाऱ्या सेन्सरवर) संशय घ्या. इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळलं नाही तर तो पंपाचा करंट तोडतो. आमच्या गाडीत आवाज येत होता, पण खोल गेलेला, ओझ्याखाली दबलेल्या मिक्सरसारखा. तिथेच मला कळायला हवं होतं की पंप फिरतोय, पण त्याला करंट पुरत नाही.

वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. पुढे विळ्यापर्यंत उतारच आहे, पेट्रोल कमी लागतं. ॲक्सिलरेटरवर जेमतेम पाय ठेवत माणगाव गाठलं.

माणगावात हायवेला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी लावली. पन्नाशीचा माणूस. पंप नवीनच आहे हे मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "ताई, पंपाचं नंतर. आधी अर्थिंग बघू." अर्थिंग म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीला परत जायची वाट. चारही दारं उघडी ठेवली, मागची सीट उचलली. पंपावरच्या झाकणाला त्यांनी हात लावला नाही, फक्त कपलर, म्हणजे पंपाच्या वायरींचा प्लग, मोकळा केला. (टाकीचं झाकण उघडायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. तिथे पेट्रोलची वाफ असते, एक ठिणगी पुरते.)

मार्चमध्ये दुसऱ्या एका गॅरेजमध्ये कपलर काढून मीटर लावला होता. बारा व्होल्ट दिसले, म्हणून पंप खराब ठरवला. चूक तिथेच झाली. कपलर काढला की वायरमधून करंट वाहतच नाही. मग एका तारेवर लटकलेला जोडही मीटरवर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. मोजायचं ते पंप जोडलेला आणि चालू असताना.

त्यांनी रिले काढून सॉकेटमधल्या 30 आणि 87 नंबरच्या पिना फ्यूज असलेल्या वायरने जोडल्या, म्हणजे इंजिन बंद असूनही पंप सुरू राहिला. कपलर जागेवर बसवून मागून मीटरच्या सुया सरकवल्या. बॅटरीवर 12.5. पंपाच्या पॉझिटिव्हवर, बॉडीशी धरून, 12.1. त्याच पॉझिटिव्हवर, पंपाच्या काळ्या, म्हणजे अर्थिंगच्या, वायरशी धरून, फक्त 8.9. उरलेले 3.2 व्होल्ट काळी वायर आणि बॉडी यांच्यामध्ये खर्ची पडत होते, जिथे पाव व्होल्टसुद्धा दिसू नये.

काळ्या वायरच्या मागावर बोट फिरवत ते डिकीच्या कोपऱ्यात पोचले. कार्पेट ओलं. टेल लॅम्पच्या गॅस्केटमधून पाणी झिरपून थेट अर्थिंगच्या बोल्टवर ठिबकत होतं. थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवी बुरशीसारखी भुकटी, खाली तांबूस गंज. "हात लावा," म्हणाले. बोल्ट चांगला कोमट होता. पंप चार अँपिअरच्या आसपास करंट घेतो. त्याला सव्वातीन व्होल्टने गुणलं की तेरा वॉट उष्णता, सगळी त्या एका जोडावर. जोड तापला की करंट आणखी घटतो, पंप मंदावतो, आणि चढाला इंजिन जास्त पेट्रोल मागतं तेव्हाच प्रेशर पडतं. थांबून गार केलं की गाडी परत चालू. घाटातलं कोडं तिथे सुटलं.

बोल्ट काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, नवीन थिंबल दाबून वर डाक दिला. शिवाय काळ्या वायरला जोडून आणखी एक वायर कोरड्या जागी बॉडीला नेली. वरून व्हॅसलीन चोपडलं. पुन्हा मोजलं तर काळी वायर आणि बॉडी यांच्यामध्ये 0.08 व्होल्ट. पंपाचा आवाज बदलल्याचं बाबांना बाहेर उभ्याउभ्या कळलं. साडेतीनशे रुपये घेतले.

आता गाडीत एक टेस्ट लॅम्प, त्या त्या अँपिअरचे फ्यूज, एक जादा रिले, फ्यूज होल्डर लावलेली मीटरभर वायर आणि पॉलिश पेपर कायम असतात. 30 ते 87 जोडून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, पण तेवढंच. अपघातात इंजिन बंद पडलं तरी त्या जोडणीत पंप पेट्रोल फेकतच राहतो. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा मोठा फ्यूज कधीच घालू नका. ती वायर टाकीपर्यंत जाते.

रविवारी परतताना ताम्हिणीचा पूर्ण चढ होता. गाडी एकदाही अडखळली नाही. मुळशीला चहाला थांबलो, डिकी उघडून बोल्टला हात लावला. गार होता. टेल लॅम्पचं नवं गॅस्केट अजून मिळालेलं नाही. तोवर सिलिकॉन भरलंय, आणि जोराची सर येऊन गेली की कार्पेट उचलून बघते.