मोजणीवाली

रविवार, रात्री साडेदहा.

“मोजणीला आलात का?” हा प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाही. कसब्यात, तांबट आळीच्या अलीकडच्या बोळात घडीच्या स्टुलावर बसून वाड्याचा सज्जा कागदावर उतरवत होते, तेव्हा दुधाची पिशवी घेऊन परतणाऱ्या आजी दिंडीदरवाजाशी थांबल्या आणि त्यांनी तो विचारला. चित्र काढते आहे, असे सांगितले, तर म्हणाल्या, “मागच्या वर्षी तुम्ही तो समोरचा काढलात आणि दिवाळीनंतर तो पाडला.”

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर मी समजूत तरी घातली असती. पण मुंग्यांनी अंडी हलवली की पाऊस येतो, इतक्या सहजपणे त्यांनी माझ्या येण्याची आणि वाडा पडण्याची सांगड घातली होती. घरी येऊन वह्या उघडल्या. चार वर्षांत काढलेल्या एकवीस वाड्यांपैकी नऊ आज जागेवर नाहीत, आणि धडधाकट वाडा तर मी एकदाही काढलेला नाही. कौले घसरलेली, गिलावा सुटून आतली पांढरी माती दिसणारी, टेकू लावलेली भिंत दिसली की माझा हात शिवशिवतो. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन मिसळला की उन्हापावसाने राखाडलेल्या सागाचा रंग येतो. मागणी असते ती त्या रंगाला.

पहाटे उठायचे, कंबर अवघडून घ्यायची आणि एवढे करून पदरात अपशकुन. दादा असता तर... असो. ज्या बदलाचे मी सुतक पाळते, त्याच बदलाने आणलेल्या, सप्टेंबर २०२४ पासून इथवर धावू लागलेल्या जमिनीखालच्या मेट्रोने मी दर रविवारी स्वारगेटहून येते, हेही लिहून ठेवावे.

आजींनी नंतर चहाला आत बोलावले, ते खरे तर आधी लिहायला हवे होते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी कुठवर चढले होते, ते त्यांनी ओसरीच्या खांबावर हात ठेवून दाखवले. आता हळहळ ऐकायची, म्हणून मी चेहरा गंभीर केला, तर त्या म्हणाल्या, “संडास चौकापलीकडे आहे. पावसात छत्री घेऊन जावं लागतं. ते तुमच्या चित्रात येत नाही.” येत नाही, हे खरेच आहे. चौक मी नेहमी रिकामा सोडते, कारण पांढरा कागद तिथे उन्हाचे काम करतो.

मग त्यांनी कॅलेंडरमागून नव्या फ्लॅटचा छापील नकाशा काढला. “तुम्हाला रेघा कळतात ना? माझं कपाट यात कुठे बसेल ते दाखवा.” लोखंडी कपाट, रुंदी त्यांनी माझ्यासमोर वितीने मोजली, ती पाच विती भरली. मी पेन्सिलीने ते खोलीत तीनदा फिरवले आणि तिन्ही वेळा दार उघडण्याची गोल रेघ त्याच्या कोपऱ्यावर आली. “हे दारच उलटं बसवायला सांगते,” असे म्हणून त्यांनी नकाशाची घडी घातली आणि पुढच्या वेळी वितीवर भागवायचे नाही, असे मला बजावले.

टेप रंगांच्या डबीशेजारी ठेवला आहे. पाच मीटरचा आहे, पुरेल.